पाटा ठेवायचा की टाकायचा? हाताने चालणाऱ्या स्वयंपाकाच्या साधनांचं यंत्रशास्त्र

नौपाड्यातल्या, पाचपाखाडीतल्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होऊ लागल्या की फाटकाशेजारी जातं, पाटा, वरवंटा, दगडी खल अशा वस्तू येऊन पडतात. वाशी-नेरूळच्या सिडकोच्या जुन्या वसाहतींतही हेच दिसतं. नव्या फ्लॅटमध्ये जागा कमी, दगड उचलायला दोन माणसं लागतात, आणि मिक्सर तर घरात आहेच. दुसरीकडे दुकानात ‘दगडी जात्यावर दळलेलं’ असं छापलेली पिठाची पिशवी साध्या पिठापेक्षा महाग मिळते आणि हॉटेलच्या मेनूवर ‘पाट्यावरची चटणी’ असं मुद्दाम लिहिलेलं असतं. मग या साधनांत खरंच काही आहे, की ही नुसती जुन्याची ओढ?

उत्तर साधनागणिक बदलतं. प्रत्येक साधन पदार्थावर ठरावीक प्रकारचा जोर लावतं. तो जोर आजच्या यंत्रात मिळत असेल तर जुनं साधन खुशाल देऊन टाकावं. मिळत नसेल, तर चव आणि पोत बदलणारच.

जोराचे तीन प्रकार

पदार्थ बारीक करण्याचे मूळ मार्ग तीनच आहेत. पहिला म्हणजे वरून आदळणं. उखळ-मुसळ आणि खलबत्ता हे करतात. कडक, कोरडा, ठिसूळ माल यात फुटतो: मिरी, हळकुंड, वाळलेली मिरची. दुसरा म्हणजे धारेने कापणं. विळी, सुरी आणि किसणी यांचं काम ते.

तिसरा मार्ग रगडण्याचा. दोन पृष्ठभागांमध्ये पदार्थ दाबून धरायचा आणि एक पृष्ठभाग दुसऱ्यावरून सरकवायचा. भौतिकशास्त्रात याला कर्तन-बल म्हणतात. इथे ‘रगड’ म्हणू. कापणं आणि रगडणं यांत काय फरक पडतो ते साबणाच्या वडीवर दिसतं. सुरीने कितीही बारीक तुकडे केले तरी ते तुकडेच राहतात; ओल्या तळव्यांत चोळली की फेस होतो. ओल्या खोबऱ्याचंही तसंच आहे. कापलं तर खोबऱ्याचे कण मिळतात. रगडलं तर पेशी चिरडून आतलं तेल बाहेर येतं आणि तेच कणांना एकत्र बांधून ठेवतं.

पाटा आणि जातं ही रगडीची साधनं. मिक्सरमध्ये नेमकी रगडच फार थोडी असते.

आधी पाटा, बऱ्याच काळाने जातं

पाट्याची घडण फार जुनी आहे. खाली रुंद दगड आणि वर हाताने पुढे-मागे सरकवायचा छोटा दगड, अशी जोडी माणसाने शेती रुजण्याच्याही आधीपासून वापरली. मोहेंजोदडोच्या उत्खननात अर्नेस्ट मॅके यांना असे दगड मोठ्या संख्येने मिळाले. तिथे धान्य दळण्याचं तेवढंच एक साधन असावं असं दिसतं. आज ज्याला आपण जातं म्हणतो, ती एकावर एक फिरणाऱ्या दोन गोल दगडांची रचना त्यानंतर कित्येक शतकांनी आली. तिचे सर्वांत जुने नमुने भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात, साधारण इ.स.पू. पाचव्या शतकातले मिळतात.

या बदलाने श्रम कसे वाचले ते पाहण्यासारखं आहे. पाट्यावर दोन कामं एकाच शरीराला करावी लागतात, दाबायचंही आणि सरकवायचंही. शिवाय मागे येतानाची अर्धी फेरी जवळजवळ वाया जाते. जात्यात दाबण्याचं काम वरच्या दगडाकडे गेलं. 40 सेंमी व्यासाची आणि 8 सेंमी जाडीची काळ्या दगडाची तळी, म्हणजे जात्याचा एक गोल दगड, साधारण 29 किलोची भरते. तेवढा भार धान्यावर सतत असतो, हाताला फक्त फिरवायचं उरतं. फेरी अखंड चालत असल्याने परतीचा अपव्ययही संपला. खुंटा कडेजवळ बसवतात तोही यासाठीच: मधल्या खिळ्यापासून जितका लांब, तितकं फिरवायला हलकं.

आपल्याकडे दगडही अनुकूल मिळाला. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनला. पारसिकच्या डोंगरात तोच आहे. तो कठीण आणि चिवट असतो, आणि लिंबू, चिंच, कोकम यांच्या आंबटपणाला सहजी दाद देत नाही. संगमरवराचं तसं नाही. आंबटाने त्याचा पृष्ठभाग हळूहळू खाल्ला जातो. म्हणून पांढऱ्या खलात सुका मसाला कुटावा, चिंचेची चटणी वाटू नये.

जात्याच्या आत काय चालतं

जात्याच्या दोन तळ्या वरवर सपाट वाटतात, पण चांगल्या जात्यात खालची मध्याशी किंचित फुगीर आणि वरची किंचित खोलगट असते. मधल्या तोंडातून वैरण, म्हणजे दळायला घातलेलं धान्य, पडते तिथे फट जास्त असते आणि कडेकडे जाताना ती कमी होत जाते. दाणा आधी फुटतो, मग त्याचा रवा होतो आणि कडेला पोचेपर्यंत पीठ. खालच्या तळीतल्या खिळ्यावर वरची तळी एका आडव्या पट्टीने तोललेली असते. तिला मांकडी म्हणतात. खिळ्याभोवती कापडाची किंवा सुतळीची चुंबळ घातली की वरची तळी जराशी उचलली जाते आणि त्याच जात्यावर पिठाऐवजी भरडा पडतो. डाळी अशाच भरडल्या जात.

दळण बिघडतं ते बहुतेक वेळा तीन कारणांनी. वैरण जास्त घातली की वरची तळी धान्यावर तरंगते आणि पीठ रवाळ येतं. वैरण कमी पडली की दगडावर दगड घासतो आणि पिठात कचकच येते. तिसरं कारण म्हणजे टाकी बुजणं. तळ्यांवर छिन्नीने मारलेल्या बारीक खाचा म्हणजे टाकी. खाचांच्या कडा दाण्याला धरून ठेवतात आणि खाचांमधून पीठ बाहेर सरकतं. त्या झिजून गुळगुळीत झाल्या की दाणा चेपला जातो, फुटत नाही. जोर जास्त लागतो आणि पीठ गरम होतं. पाथरवट येऊन जातं-पाटे टाकवून देत, ते यासाठी. टाकी लावल्यावर पहिलं दळण थोडा कोंडा किंवा कण्या घालून करायचं आणि टाकून द्यायचं, म्हणजे दगडाची भुकटी निघून जाते.

खुंटा सैल झाला तर खिळे मारू नयेत, दगड तडकतो. खुंटा पाण्यात भिजवून, थोडा फुगवून ठोकला की घट्ट बसतो.

मिक्सर वेगळं काय करतो

1960च्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने भारतीय वाटणाचा भार पेलेल असा जास्त ताकदीचा मिक्सर तयार केला आणि पुढे ‘सुमीत’ या नावाने तो घराघरांत गेला. आजच्या मिक्सरची मोटर भांड्यात काही नसताना मिनिटाला 18,000 ते 20,000 फेरे घेते. म्हणजे सेकंदाला किमान 300. पातं टोकापासून टोकापर्यंत 6 सेंमीचं धरलं, तर टोकाचा वेग ताशी 200 किलोमीटर येतो. मालाचा भार पडला की तो बराच उतरतो, तरी जात्याशी तुलनाच नाही. 40 सेंमीचं जातं मिनिटाला 40 फेरे घेत असेल तर त्याची कड ताशी जेमतेम 3 किलोमीटरने सरकते.

या वेगातून तीन परिणाम निघतात, आणि चवीतला फरक त्यांतच आहे.

पहिला उष्णतेचा. 500 वॉटचा मिक्सर पूर्ण भाराने दोन मिनिटं चालला तर 60 किलोज्यूल ऊर्जा वापरतो. त्यातली निम्मी जरी 300 ग्रॅम ओल्या वाटणात उतरली, तरी ते वीस-पंचवीस अंशांनी तापू शकतं. पाट्यावर लागणारी ऊर्जा दहा-पंधरा मिनिटांत पसरते आणि पंचवीसेक किलोचा थंड दगड ती शोषून घेतो. कोथिंबीर-पुदिन्याचा वास उडणाऱ्या तेलांत असतो, त्यामुळे तापलेल्या चटणीत तो कमी होतो आणि रंगही लवकर काळवंडतो.

दुसरा पाण्याचा. मिक्सरमध्ये माल स्वतः फिरून पात्याकडे यावा लागतो. कोरडं वाटण भांड्याच्या कडांना चिकटून बसतं आणि पातं हवेत फिरतं. म्हणून आपण पाणी घालतो. पाट्यावर माल हाताने दगडाखाली ढकलला जातो, त्यामुळे पाण्याची गरज नाही किंवा चार थेंब पुरतात. हा फरक कढईत जाणवतो. वाटणात अर्धी वाटी पाणी जास्त गेलं तर ते आटेपर्यंत वाटणाचं तापमान 100 अंशांच्या वर जातच नाही. ते शिजत राहतं, परतलं जात नाही. ‘रश्शाला तेल सुटत नाही’ या तक्रारीचं मूळ अनेकदा इथे असतं.

तिसरा कणांचा. मिक्सरमध्ये काही कण पात्याला शंभरदा लागतात, तर काही झाकणाला चिकटून आख्खे राहतात. पाट्यावर कुठला भाग किती वेळा रगडायचा हे हाताच्या ताब्यात असतं. लसणाचा तिखटपणाही याच्याशी जोडलेला आहे. लसणाच्या पेशीत दोन द्रव्यं वेगवेगळी ठेवलेली असतात; पेशी फुटली की ती एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. सुरीने चिरताना धारेच्या रेषेतल्याच पेशी फुटतात, रगडल्यावर बहुतेक सगळ्या. ठेचा नाकात जातो तो यामुळे.

मिक्सरच वापरायचा असेल तरी बरंच सुधारता येतं. सुकं आधी कोरडं फिरवून घ्यायचं, ओलं नंतर घालायचं. सलग दोन मिनिटं न फिरवता पंधरा-वीस सेकंद फिरवून थांबायचं, कडा खरवडायच्या, पुन्हा फिरवायचं. खोबरं आणि कोथिंबीर फ्रिजमधून काढून थेट वापरायची.

मिक्सरने अन्नातलं सत्त्व जातं का?

नाही. प्रथिनं, खनिजं, तंतू यांचं दोन मिनिटांच्या फिरवण्याने काही बिघडत नाही. क जीवनसत्त्व हवेच्या संपर्काने कमी होतं, पण ते पाट्यावर उघड्यावर वाटतानाही होतंच. पाट्याच्या बाजूने बोलायचं तर चव, पोत आणि पाण्याचं प्रमाण यांबद्दल बोलावं. तिथे त्याची बाजू भक्कम आहे.

गिरणीतही दगडच असतो, मग पिशवीवर ‘दगडी’ कशाला?

गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत दगडच फिरतो. बहुधा तो खाणीतला नसून कुरुंद या अतिशय कठीण खनिजाचे कण सिमेंटसारख्या मसाल्यात बांधून घडवलेला असतो. पोलादी रुळांच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हंगेरीत विकसित झाल्या आणि तिथून पसरल्या. त्यांत दाण्याचा कोंडा आणि अंकुर वेगळे काढता येतात, म्हणून मैदा पांढरा आणि टिकाऊ होतो. पोषणातला मोठा फरक आहे तो इथे. तुम्ही निवडलेले गहू समोर दळून घेतले आणि चाळले नाहीत, तर हातजात्याचं पीठ आणि गिरणीचं पीठ यांत पोषणाचा फरक सांगण्याजोगा नसतो. पिशवी घेताना ‘दगडी’ या शब्दापेक्षा कोंड्यासकट आहे का आणि दळल्याची तारीख काय, हे पाहा. अंकुरातल्या तेलामुळे कोंड्याचं पीठ लवकर खवट होतं.

गिरणीचं पीठ फार गरम होतं हे खरं आहे. पण तेही सगळं वाईट नाही. वेगवान दगडाखाली गव्हातल्या स्टार्चचे काही कण तडकतात. असे कण पाणी जास्त शोषतात, त्यामुळे कणीक जास्त पाणी घेते आणि पोळी मऊ राहते. गरम पीठ लगेच डब्यात बंद करणं मात्र टाळा. वाफ झाकणाला धरते, पीठ गोळे धरतं आणि किडीला आयती जागा मिळते. परातीत पसरून पूर्ण गार करा, मगच झाकण लावा. ज्वारी-बाजरीचं पीठ तर आठवड्यापुरतंच दळून आणावं. त्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो आणि विरी, म्हणजे पिठाची धरून ठेवण्याची ताकद, गेली की भाकरी थापतानाच कडेला चिरते.

उखळ गेलं, डंक राहिला

एप्रिल-मे महिन्यांत ठाण्यात आणि नवी मुंबईच्या गावठाणांत वर्षाच्या मसाल्याची धांदल असते. मिरच्या, धणे, खडा मसाला तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधून किंवा जांभळी नाक्यावरून येतो, गच्चीत वाळतो, भाजला जातो आणि डंकावर जातो (कुणी डंख म्हणतात). डंक म्हणजे मोटरवर चालणारं उखळ-मुसळ: लोखंडी मुसळ वर उचललं जातं आणि स्वतःच्या वजनाने खाली पडतं. जोर तोच, फक्त उचलणारा हात बदलला. आगरी-कोळी घरांत मसाला डंकावरच कांडून घ्यायचा आग्रह असतो आणि त्याला आधार आहे. वेगाने फिरणाऱ्या चक्कीत मिरची तापते, आणि मिरचीचा लाल रंग व मसाल्याचा वास दोन्ही उष्णतेने उतरतात.

डंकावर माल बिघडतो तो बहुतेकदा ओलाव्यामुळे. मिरची मोडल्यावर कडकन आवाज आला पाहिजे. नुसती वाकली तर ती मुसळाखाली फुटत नाही, चामड्यासारखी चपटी होते. भाजलेला मसाला पूर्ण गार होऊ द्यायचा. गरम गेला तर आतली वाफ मसाल्यात अडकते आणि पावसाळ्यात बुरशी येते. हळकुंडं आधी वेगळी फोडून घ्यायची, मग मिरची, मग बाकीचं. कांडून आल्यावर पुन्हा गार करून कोरड्या बरणीत दाबून भरायचा, म्हणजे आत हवा कमी राहते.

विळी, रवी, पुरणयंत्र

विळीत पातं स्थिर असतं आणि वस्तू हलते, त्यामुळे दोन्ही हात वस्तू धरायला मोकळे राहतात. सुरण, फणस, मासळी अशा बेढब किंवा निसरड्या वस्तूंना हे सोयीचं. पुढच्या खवणीला आजही नीट पर्याय नाही. दात फक्त पांढरं खोबरं खरवडतात, करवंटीलगतची तपकिरी पाठ मागे राहते. तुकडे करून मिक्सरला लावले तर पाठही त्यात जाते, आणि सोलकढीचा रंग मळतो.

रवी उलटसुलट फिरते त्यालाही कारण आहे. एकाच दिशेने फिरवलं तर थोड्या वेळाने सगळं ताक रवीबरोबरच गरगरू लागतं आणि घुसळण थांबते. दिशा बदलली की प्रत्येक वेळी द्रव रवीशी झगडतो. लोणी वर येत नसेल तर दही बहुधा गरम झालेलं असतं. बर्फ किंवा गार पाणी घातलं की स्निग्धांश घट्ट होऊन गोळा धरतो. मिक्सरलाही हा नियम लागू आहे.

पुरणयंत्राला आपण पारंपरिक म्हणतो, पण तशाच रचनेची हाताने फिरवायची चाळणी फ्रान्समध्ये जाँ मांतले यांनी 1932मध्ये विकायला आणली. पुढे त्यांची कंपनी मूलिनेक्स या नावाने ओळखली गेली. त्याआधी पुरण पाट्यावरच वाटलं जाई. यंत्रात पुरण गरम असतानाच घालायचं. गार झालं की गूळ आणि डाळीतला स्टार्च आळतात, छिद्रं बुजतात आणि दांडा वाकेपर्यंत जोर लावावा लागतो.

एवढं चांगलं होतं तर सोडलं का?

कारण ते शरीर झिजवत होतं, आणि झीज जवळजवळ सगळी बायकांच्या वाट्याला येत होती. सीरियातल्या अबू हुरेरा इथल्या नवाश्मयुगीन सांगाड्यांत पाठीचा कणा, गुडघे आणि पायाचे अंगठे यांवर विशिष्ट झीज आढळली. सांगाड्यांच्या अभ्यासक थेया मॉलेसन यांनी तिचा संबंध गुडघ्यांवर बसून तासन्‌तास दगडावर धान्य दळण्याशी जोडला. आपल्याकडे पहाटेच्या दळणातून ओव्या जन्मल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत. त्यांत माहेर आहे, विठ्ठल आहे, आणि कष्टही आहेत. रोजचं दळण गिरणीकडे गेलं हे चांगलंच झालं. जातं परत आणा, असं मी कुणालाही सुचवणार नाही. पाटा आणि खलबत्ता मात्र वेगळे: आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटांचं काम, आणि ते घरातल्या कुणालाही करता येतं.

ठेवायचा असेल तर

आधी वजनाचा विचार करा. 45 बाय 30 सेंमीचा, 7 सेंमी जाडीचा पाटा सुमारे 27 किलोचा होतो. फ्लॅटसाठी 35 बाय 25, जाडी 5 सेंमी असा पाटा पुरतो. तो साडेबारा किलोच्या आसपास भरतो. ओट्यावर ठेवणार असाल तर सिंक किंवा शेगडीसाठी कापलेल्या भागाजवळ नको, तिथे ग्रॅनाइट तडकू शकतो. जमीन उत्तम. खाली घडी घातलेलं गोणपाट किंवा जाड रबर ठेवा. पाटा सरकत नाही आणि खालच्या मजल्यावर आवाज जात नाही. खलबत्त्यालाही हेच करा.

नवा घेताना दगड टिचकीने वाजवून पाहा. खणखणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज म्हणजे आत चीर. खिळ्याने ओरखडा काढल्यावर भुकटी पडली तर दगड मऊ आहे. लिंबाचा रस टाकल्यावर बुडबुडे आले तर तो काळा पाषाण नाही.

मग पाटा रुळवून घ्या. ब्रशने नुसत्या पाण्याने धुवा. साबण नको, तो छिद्रांत राहतो. मूठभर जाडा तांदूळ दोन तास भिजवून वाटा; पेस्ट राखाडी निघेल, ती टाका. पेस्ट पांढरी निघेपर्यंत आणि बोटांत चोळल्यावर कचकच लागेनाशी होईपर्यंत हे तीन-चारदा करा. मग खडेमीठ वाटून धुऊन टाका.

वाटताना कोरडं आणि कडक आधी: धणे, जिरं, मिरी. मग मिरची आणि मीठ. मिठाचे खडे रगडायला मदत करतात. मग लसूण, मग खोबरं, कोथिंबीर शेवटी. वरवंटा दोन्ही टोकांना धरा, पुढे जाताना खांद्यातून भार द्या आणि मागे येताना सैल सोडा. मनगटाने दाबत राहिलात तर पाच मिनिटांत मनगट दुखेल. काम झालं की पाटा लगेच धुऊन भिंतीला उभा टेकवा. आडवा ओला राहिला तर छिद्रांतल्या खोबऱ्याला दुसऱ्या दिवशी खवट वास येतो. आलाच, तर पुन्हा तांदूळ आणि खडेमीठ वाटायचं आणि दिवसभर उन्हात ठेवायचा.